आयुष्यभर मेंढरांमागं फिरलेले बाळूमामा नेमके होते कोण?

चाकण एमआयडीसीत शिफ्ट सुटली की पार्किंगमध्ये एक नजर टाका. कोल्हापूर-सांगलीकडनं कामाला आलेल्या पोरांच्या गाड्यांवर एक नाव दिसतंच, बाळूमामा. 2018 मध्ये कलर्स मराठीवर मालिका आली आणि हे नाव राज्यभर पोहोचलं. पण मालिकेत चमत्कार जास्त आणि मेंढरं कमी. मामांचं आयुष्य मात्र मेंढरांमागंच गेलं.

3 ऑक्टोबर 1892 रोजी अक्कोळ गावात मयप्पा आणि सुंदरा आरभावे या धनगर जोडप्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. अक्कोळ तेव्हा चिकोडी तालुक्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. त्यामुळं कानडी आणि मराठी दोन्ही भाषा तोंडात. लहानपणी गावातल्या एका जैन व्यापाऱ्याकडं चाकरी केली. पुढं लग्न झालं, पण संसारात मन रमलं नाही. गारगोटीच्या मुळे महाराजांना गुरू केलं आणि कळप घेऊन ते गावोगाव फिरू लागले.

इथं थोडं थांबायला हवं. संत म्हटलं की मठ आणि गादी डोळ्यांपुढं येते. मामांकडं होती ती बकरी. कोल्हापूर भागात मेंढरांनाच बकरी म्हणतात. पावसापाण्याचा अंदाज घेऊन कळप हलवायचा, शेतकऱ्याच्या रानात रात्री बसवायचा. लेंड्या आणि मुताचं खत जमिनीला मिळतं, त्या बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे. अशा रानातच माणसं मामांकडं गाऱ्हाणी घेऊन यायची. चुकलेल्याला ते शिव्या घालायचे, भक्तांना त्याचंही काही वाटायचं नाही.

या मुलखातलं मेंढरू दख्खनी जातीचं. काटक, लांब चालणारं, कमी चाऱ्यावर तगणारं. लोकर मात्र जाडीभरडी आणि बहुतेक काळी. वर्षातनं दोनदा कातरली तरी एका मेंढरामागं साधारण अर्धा किलोच निघते. स्वेटर विणायचा म्हटलं तर अंगाला टोचणार. तिचं खरं रूप घोंगड्यात. सूत कातायचं, चिंचोक्याची खळ लावायची, मागावर विणायचं. थंडी, पाऊस, अंथरूण, पांघरूण सगळ्याला तेच एक. देवाधर्माच्या कामातही धनगराला घोंगडंच लागतं.

4 सप्टेंबर 1966 रोजी भुदरगड तालुक्यातल्या आदमापूरला मामांनी देह ठेवला. तिथं मोठं मंदिर उभं राहिलं, अमावस्येला गर्दी मावत नाही. कळप मात्र मंदिराच्या आवारात बांधून ठेवले नाहीत, ही यातली सगळ्यात मामांना शोभणारी गोष्ट. भक्त मेंढरं वाहत गेले, कळप वाढले. त्यांना बग्गे म्हणतात आणि ते आजही गावोगाव फिरतात. बग्गा शिवारात उतरला की गाव स्वागताला जातं, पिकात मेंढरं शिरली तरी बरेच शेतकरी हाकलत नाहीत.

इतर धनगरांच्या नशिबी हा मान नाही. चराऊ रानं कारखान्यांत आणि प्लॉटिंगमध्ये गेली, गिरणीतलं स्वस्त ब्लँकेट आल्यापासून घोंगड्याचं गिऱ्हाईक कमी झालं. लोकरीच्या पैशातनं कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून अनेक ठिकाणी कातरलेली काळी लोकर रानातच टाकून कळप पुढं निघतो.