नगरसेवकाला हरवता आलं नाही, पण लोकशाहीचा धडा शिकवून गेल्या : जेन अ‍ॅडम्स यांची गोष्ट

उमेदवार स्वच्छ, हेतू चांगला, काम समोर दिसतंय, तरी निवडणुकीत पराभव. असं का होतं? सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकागो शहरात जेन अ‍ॅडम्स नावाच्या बाईंना हाच प्रश्न पडला होता. त्यांनी मतदारांना नावं ठेवली नाहीत. आपण का हरलो ते शोधलं आणि लिहून ठेवलं. लोकशाही आणि लोकांचा विश्वास यावर अभ्यास करणारे आजही ते लिखाण वाचतात.

जेन यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० चा, इलिनॉय राज्यातल्या सीडरव्हिल या लहान गावातला. वडिलांची गिरणी होती. ते राज्याच्या सिनेटमध्येही होते आणि अब्राहम लिंकन यांच्याशी त्यांची चांगली ओळख होती. जेन दोन वर्षांच्या असतानाच आई गेली. १८८१ मध्ये शिक्षण पुरं झालं आणि त्याच वर्षी वडीलही वारले. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण पाठीच्या कण्याच्या दुखण्याने ते सुटलं. पुढची सात-आठ वर्षं काय करावं तेच कळेना.

मग लंडनमध्ये त्यांनी टॉयन्बी हॉल ही संस्था पाहिली. शिकलेली पोरं तिथे गरीब वस्तीत जाऊन राहत होती. परत येऊन १८८९ मध्ये मैत्रीण एलेन स्टार यांच्यासोबत त्यांनी शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावरच्या जुन्या वाड्यात मुक्काम टाकला. या घराचं नाव हल हाऊस. आजूबाजूला इटली, ग्रीस, रशिया असे देश सोडून पोटासाठी आलेली माणसं राहायची. बरेच जण तर खेड्यातून, शेतीतून आलेले. हल हाऊसमध्ये पाळणाघर, बालवाडी आणि रात्रीचे वर्ग सुरू झाले.

पण नुसत्या सोयी दिल्या म्हणजे विश्वास मिळतो असं नाही. सुरुवातीच्या काळात एक आजारी बाळ पाळणाघरात सोडून त्याची आई निघून गेली. बाळाची खूप काळजी घेतली, तरी ते गेलं. त्याला सरकारी खर्चाने पुरायचं असं हल हाऊसने ठरवलं. गल्लीतल्या बाया खवळल्या. बेवारसासारखं पुरणार? त्यांनी आपसात वर्गणी काढली. या बायकांना लेकरंबाळं नाहीत, त्यांना काय कळणार, असं म्हणून काहींनी कशीबशी माफी दिली. आपल्याकडेही मयतीला कोण आलं आणि कोण नाही, हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. तिथेही तसंच होतं. हा प्रसंग जेन विसरल्या नाहीत.

त्या भागात कचरा भयंकर. हल हाऊसच्या बायकांनी गल्ल्या पालथ्या घालून ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत १०३७ तक्रारी आरोग्य खात्याकडे दिल्या. तरी फरक पडेना. मग जेन यांनी कचरा उचलायच्या ठेक्यासाठी स्वतःच अर्ज केला. तांत्रिक कारण काढून तो फेटाळला गेला, पण गाजावाजा एवढा झाला की १८९५ मध्ये महापौरांनी त्यांना वॉर्डाच्या कचरा निरीक्षक नेमलं. पगार वर्षाला १००० डॉलर. पहाटे सहाला उठून बाई कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरायच्या. एका गल्लीत तर १८ इंच घाण उपसल्यावर खाली फरशीचा रस्ता सापडला! मृत्यूच्या प्रमाणात हा वॉर्ड शहरात तिसरा होता, तो सातव्यावर गेला.

त्याच वर्षी हल हाऊसने वस्तीचे नकाशे असलेलं पुस्तक काढलं. कोणत्या घरात कोणत्या देशाची माणसं राहतात, आठवड्याला किती कमावतात, हे घरोघरी विचारून रंगांनी दाखवलेलं. अमेरिकेतल्या समाजशास्त्राच्या सुरुवातीच्या कामात या पुस्तकाची गणना होते.

आता निवडणुकीचं बघा. त्या वॉर्डाचा नगरसेवक जॉनी पॉवर्स. भ्रष्ट म्हणून अख्ख्या शहराला माहीत. १८९६ आणि १८९८ असं दोनदा हल हाऊसने त्याच्याविरुद्ध उमेदवार दिला. दोन्ही वेळा पॉवर्सच निवडून आला.

जेन यांनी कारण शोधलं. पॉवर्स लोकांच्या मयतीला जायचा, गरिबाच्या मातीचा खर्च उचलायचा. पोरगा पोलिसांनी पकडला तर सोडवून आणायचा. नाताळात टर्की कोंबड्या वाटायचा. ९००० मतदारांच्या वॉर्डात २६०० जणांना सरकारी पगारावर लावलंय, अशी त्याची फुशारकी होती. पैसा कुठून येतो हे लोकांना माहीत होतं. पण अडीअडचणीला धावून येणारा तोच होता. सुधारणेवाले मात्र मतापुरते उगवायचे आणि भाषण देऊन जायचे. पॉवर्स चांगला, असं जेन यांचं म्हणणं नव्हतंच. त्यांचं म्हणणं एवढंच की लोक माणुसकीला मत देतात. त्या माणुसकीच्या आड लूट चालते, म्हणून ती थांबवायची असेल तर आधी लोकांच्या सुखदुःखात उभं राहावं लागेल. १९०२ मध्ये आलेल्या त्यांच्या लोकशाही आणि समाजनीतीवरच्या पुस्तकात हा विचार सविस्तर आहे.

बायकांच्या मताबद्दलही त्यांची मांडणी साधी होती. दूध, पाणी, गटार, शाळा ही घरातलीच कामं आता नगरपालिकेकडे गेलीत. मग घर चालवणाऱ्या बाईला तिथे बोलायचा हक्क का नको? इलिनॉयमध्ये १९१३ साली बायकांना काही निवडणुकांत मत मिळालं, तर सगळ्या अमेरिकेत १९२० मध्ये.

पहिल्या महायुद्धात त्या युद्धाच्या विरोधात उभ्या राहिल्या. १९१५ मध्ये नेदरलँड्समधल्या हेग शहरात बायकांची शांतता परिषद भरली, तिच्या अध्यक्ष जेन होत्या. मायदेशात काल डोक्यावर घेणारी वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडली. त्यांनी भूमिका बदलली नाही. १९३१ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला. बक्षिसाचा आपला वाटा त्यांनी महिलांच्या शांतता संघटनेला देऊन टाकला.

२१ मे १९३५ रोजी शिकागोत त्यांचं निधन झालं. हल हाऊसमध्ये अंत्यदर्शनाला हजारो माणसं आली. त्यात त्याच गल्ल्यांतली कष्टकरी मंडळी होती. या लोकांनी त्यांच्या उमेदवाराला दोनदा पाडलं होतं. पण ४५ वर्षं शेजारी राहिलेल्या बाईंना निरोप द्यायला ते कामधंदा सोडून आले.