जेम्स ग्लेशर

जेम्स ग्लेशर यांचा जन्म १८०९ सालीं लंडन येथें झाला. ग्रीनिच वेधशाळेंत हवामानाचें खातें सांभाळतांना, हवा मोजावयाची तर आकाशांतच गेलें पाहिजे, असें त्यांच्या मनानें घेतलें. १८६२ ते १८६६ या काळांत त्यांनीं फुग्यांतून २८ उड्डाणें केलीं. वांटणी आधींच ठरे : फुगा कॉक्सवेल यांनीं सांभाळावा, उपकरणें ग्लेशर यांनीं. २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेनें आमच्या सोलापुरास तळ देऊन विमानें ढगांत धाडिलीं, तेव्हांही अशीच वांटणी होती. रडार खालून ढग हेरी, विमान आंत शिरून थेंब मोजी. शुक्रवार पेठेंतील आम्हां पावसाच्या भुकेल्यांस त्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

५ सप्टेंबर १८६२ रोजीं सुमारें २९,००० फुटांवर ग्लेशर यांची दृष्टि गेली, हात लुळे पडले, शुद्ध हरपली. कॉक्सवेल यांचेही हात थंडीनें बधिर. त्यांनीं झडपेची दोरी दांतांनीं ओढली, तेव्हां कोठें फुगा उतरूं लागला. शुद्धीवर येतांच ग्लेशर यांनीं पुन्हां पेन्सिल घेतली! आपण ३७,००० फूट चढलों, हा त्यांचा अंदाज मात्र आम्हांस अतिशयोक्त वाटतो. उतरले तेथें वाहन मिळेना, म्हणून हे गृहस्थ सात-आठ मैल पायींच गेले. १९०३ सालीं, ९३ वर्षांचे होऊन, ते निवर्तले.