विश्लेषण : मृत्यूसमोर बुद्धिबळाचा पट मांडणारे इंगमार बर्गमन कोण होते? ‘द सेव्हन्थ सील’ कसा घडला?

समुद्रकिनारा, काळ्या झग्यातला पांढऱ्याफटक चेहऱ्याचा मृत्यू आणि त्याच्याशी बुद्धिबळ खेळणारा योद्धा. हे कृष्णधवल दृश्य तुम्ही पोस्टरवर किंवा मीममध्ये पाहिले असेल. ते ‘द सेव्हन्थ सील’ या १९५७ च्या स्वीडिश चित्रपटातले आहे. त्याचे दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांना स्वतःला मृत्यूची प्रचंड भीती वाटत असे. हा चित्रपट त्याच भीतीतून घडला.

बालपण कसे होते?

बर्गमन यांचा जन्म १४ जुलै १९१८ रोजी स्वीडनमधील उप्साला येथे झाला. वडील एरिक हे ल्युथरन पंथाचे पाद्री. घरात शिस्त कडक आणि शिक्षाही तशाच. वडील गावोगावच्या चर्चमध्ये प्रवचनाला जात, तेव्हा लहानगा इंगमार सोबत असे. प्रवचन सुरू असताना त्याची नजर मात्र भिंती आणि छतावरच्या मध्ययुगीन चित्रांवर खिळलेली असायची. स्टॉकहोमजवळच्या टॅबी चर्चमध्ये अल्बर्टस पिक्टर या चित्रकाराने पंधराव्या शतकात रंगवलेले एक चित्र आजही आहे. त्यात मृत्यू माणसाशी बुद्धिबळ खेळतो आहे.

एका नाताळात मोठ्या भावाला सिनेमाचा छोटा प्रोजेक्टर भेट मिळाला. इंगमारने आपले शिशाचे सैनिक देऊन तो मिळवला. पुढे वडिलांच्या धर्मावरचा विश्वास उडाला, पण देव आहे की नाही, हा प्रश्न सुटला नाही.

चित्रपट कसा तयार झाला?

माल्मो येथे नाट्यविद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या एका एकांकिकेतून ही पटकथा आली. सुरुवातीला स्टुडिओने ती नाकारली. १९५६ मध्ये बर्गमन यांच्या एका विनोदी चित्रपटाला कान महोत्सवात यश मिळाले आणि चित्र पालटले. होकार मिळाला, पण बजेट तुटपुंजे आणि चित्रीकरणाला अवघे ३५ दिवस.

शेवटचे मृत्यूचे नृत्य तर ऐनवेळी टिपलेले आहे. दिवसाचे काम संपले होते, काही कलाकार निघूनही गेले होते. इतक्यात आकाशात विलक्षण ढग दाटला. तंत्रज्ञांना आणि तिथे आलेल्या पर्यटकांना पोशाख चढवून काही मिनिटांत दृश्य पूर्ण झाले.

कथा नेमकी काय सांगते?

धर्मयुद्धावरून दहा वर्षांनी परतलेला अँटोनियस ब्लॉक (मॅक्स फॉन सिडो) प्लेगने पोखरलेल्या मायदेशी पोहोचतो. मृत्यू (बेंग्ट एकेरोट) न्यायला येतो, तेव्हा तो डाव मांडून वेळ मागून घेतो. त्याला जगण्याची हाव नाही. देव असल्याची खात्री हवी आहे आणि मरण्याआधी एक तरी अर्थपूर्ण काम करायचे आहे.

खात्री त्याला मिळत नाही. मात्र तो मुद्दाम सोंगट्या पाडून मृत्यूचे लक्ष वेधतो आणि तेवढ्यात एक गरीब कलावंत जोडपे तान्ह्या मुलासह निसटते. देवाचे उत्तर न मिळताही माणसाला चांगले काही करता येते, हे चित्रपट भाषण न देता दाखवतो.

बर्गमन यांची भीती गेली का?

मृत्यूला पात्र बनवल्यावर ती बरीच ओसरली. नंतर एका शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर काही तास पूर्णपणे पुसले गेले. मरण म्हणजे असेच काहीही नसणे, या विचाराने त्यांना दिलासा मिळाला. १९९५ मध्ये पाचवी पत्नी इंग्रिड कर्करोगाने गेली आणि हा दिलासाच त्यांना सलू लागला. काहीही उरत नसेल, तर इंग्रिड पुन्हा कधीच भेटणार नव्हती. उतारवयात तिचे अस्तित्व जवळपास जाणवते आणि तिची भेट होईल, असे ते मानू लागले.

३० जुलै २००७ रोजी फॉरो बेटावरच्या घरी, वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तिथल्याच चर्चच्या आवारात दोघांची कबर आहे.

चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे. पहिल्यांदा पाहताना प्रतीकांचे अर्थ शोधत बसू नका. त्या जोडप्याने योद्ध्याला दिलेल्या दूध आणि स्ट्रॉबेरीच्या प्रसंगाकडे तेवढे लक्ष द्या.