रहीम साहेबांचा हिशेब कसा मांडायचा?

भारताचा फुटबॉल संघ हरला की दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर एकच विषय असतो, कोच बदला. आम्हीही त्यात असतो, खोटं कशाला बोला. पण अशा वेळी आम्हाला एक तारीख आठवते आणि आम्ही जरा गप्प होतो. 15 जुलै 1952, हेलसिंकी ऑलिम्पिक. युगोस्लाव्हिया 10, भारत 1. ज्या प्रशिक्षकाच्या नावावर हा निकाल लिहिलेला आहे ते होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्या रात्री त्यांना घरी बसवलं असतं तर कोणी हू की चू केलं नसतं. आणि बसवलं असतं तर मेलबर्न झालं नसतं, जकार्ताही झालं नसतं.

2024 च्या ईदला ‘मैदान’ हा सिनेमा आला तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळ पोरांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. सिनेमा सिनेमाच्या जागी ठीक आहे. आम्हाला रहीम साहेबांकडे जरा हिशेबी नजरेने बघायचंय. म्हणजे ते यशस्वी ठरले की कमी पडले, आणि हे ठरवायचं कशावरून?

मरहूम रहीम साहेबांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 रोजी हैदराबादेत झाला. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात. मराठवाड्यातल्या आपल्या वाचकांना या नावाची वेगळी ओळख करून द्यायला नको, त्यांच्या आजोबांच्या पिढीचं विद्यापीठ तेच. रहीम साहेब तिथल्या संघातून खेळले, मग क्लबांतून खेळले. पोटासाठी शाळेत मास्तरकी केली, पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. 1943 मध्ये हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी झाले. खेळाडू म्हणून त्यांचं नाव देशभर गाजलं असं काही नाही. ते मूळचे मास्तर, आणि शेवटपर्यंत मास्तरच राहिले असं आम्हाला वाटतं.

त्यांचं मास्तरपण दिसतं ते त्यांनी सुरू केलेल्या अजब स्पर्धांत. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी. बॉल आला की पास द्यायचा, पायात खेळवत बसायचं नाही. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कमजोर पायाने खेळायचं, उजव्या पायाच्या खेळाडूला डावाच वापरायचा. आता आपल्या गल्लीत असा नियम काढून बघा, पोरं पाच मिनिटांत भांडतील! पण त्या काळात आपल्या देशात चांगला खेळाडू म्हणजे चार जणांना चकवून पळणारा, अशीच समजूत होती. लोक तिकीट काढायचे तेही तेवढ्यासाठीच. रहीम साहेबांनी ती सवय मुळापासून मोडायला घेतली. जमिनीवरचे छोटे पास, एका टचमध्ये बॉल पुढे, आणि पास दिला की स्वतः मोकळ्या जागेत धावायचं.

1950 मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रं त्यांच्याकडे आली. हे साल नीट लक्षात घ्या. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई होऊन निजामाचं राज्य संपलेलं. हैदराबादच्या मुसलमानांसाठी तो काळ कसा होता हे मराठवाड्यात वेगळं सांगावं लागत नाही, घराघरांत त्याच्या गोष्टी आहेत. त्या शहरातला एक मुस्लिम शाळामास्तर दोन वर्षांत पोलिसांचा संघ घेऊन मुंबईच्या कूपरेज मैदानावर उतरतो आणि रोव्हर्स कप नेतो. एकदा नाही, 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं. त्याच 1950 मध्ये दिल्लीत मोहन बागानला हरवून ड्युरँड कपही नेला. कलकत्त्याचा दबदबा असलेल्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. लगेच राष्ट्रीय संघाची जबाबदारी आली आणि मार्च 1951 मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इंडोनेशियाला 3-0, अफगाणिस्तानला 3-0 आणि अंतिम सामन्यात इराणला 1-0 असं हरवलं. तो एकमेव गोल मेवालाल यांचा, कप्तान शैलेन मन्ना. पहिल्याच फटक्यात सुवर्णपदक.

आणि पुढच्या वर्षी हेलसिंकी.

दहा गोलांचा दोष कुणाचा? भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. थंड, ओला प्रदेश आणि समोर युरोपातला तगडा संघ. युगोस्लाव्हियाने त्या ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवलं. एवढं असलं तरी प्रशिक्षक म्हणून रहीम साहेबांची जबाबदारी संपत नाही. संघ बुटांची सवय न करता तिथे गेला यातला त्यांचा वाटा त्यांच्या पदरात टाकायलाच हवा, आपला माणूस म्हणून आम्ही तो लपवणार नाही. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांनी केला. या हारीनंतर फेडरेशनने बूट सक्तीचे केले.

पण आमच्या मते कोचची खरी परीक्षा पहिल्या हारीत होत नाही, ती होते त्याच संघाशी दुसऱ्यांदा गाठ पडते तेव्हा. रहीम साहेबांच्या नशिबात अशी दुसरी गाठ दोन वेळा आली.

पहिली 1956 मध्ये मेलबर्न ऑलिम्पिकला. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पहिली फेरी न खेळता पुढे चाल मिळाली, नशिबाचा हा भाग मान्यच करायला हवा. मग समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नेव्हिल डिसोझाने हॅटट्रिक केली, भारत 4-2 ने जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा हा पहिला आशियाई खेळाडू मूळचा गोव्याचा आणि मुंबईच्या मैदानांवर खेळणारा, आपल्याकडे किती जणांना त्याचं नाव ठाऊक आहे? ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत जाणारा भारत हा आशियातला पहिला संघ ठरला. आणि तिथे समोर कोण, तर युगोस्लाव्हिया. उत्तरार्धात पहिला गोल भारताचा, पुन्हा नेव्हिलचाच. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा घातले त्यांच्यावर आघाडी! ती टिकली नाही, सामना 4-1 असा गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने 3-0 ने हरवलं. चौथा क्रमांक. पदक नाही म्हणून कोणी याला अपयश म्हणेल, म्हणू द्या. तेव्हा आपल्या देशातले सामने 70 मिनिटांचे असत आणि तिथले 90 मिनिटांचे. वर्षभर क्लबांनी लावलेली सवय राष्ट्रीय कोचने एका शिबिरात कशी मोडायची?

रोम, 1960. निकालाचा कागद बघितला तर भारत गटात तळाला, एकही विजय नाही. पण हंगेरीशी 1-2 अशी थोडक्यात हार, फ्रान्सशी 1-1 बरोबरी आणि तीही फ्रान्सने शेवटच्या दहा मिनिटांत गोल केला म्हणून. पेरूशी 1-3. हंगेरीने त्या वेळी कांस्यपदक मिळवलं. आमचं स्पष्ट मत आहे की जकार्ताचं सुवर्ण रोममध्येच तयार झालं, फक्त कागदावर ते दिसत नाही. तीनपैकी दोन गोल तुलसीदास बलराम यांचे. हा सिकंदराबादकडचा गरीब घरातला पोरगा. सरावाला यायला सायकल भाड्याने घ्यायचे पैसे रहीम साहेब त्याला खिशातून देत, ही आठवण बलराम म्हातारपणीही सांगायचे. संघात रहीम साहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीमही होता. रोममध्ये त्याला एकाही सामन्यात उतरवलं नाही. यावर आम्ही काही बोलत नाही, वाचकांनी काय ते समजून घ्यावं.

दुसरी गाठ जकार्ताची, 1962. तेव्हा रहीम साहेबांना कॅन्सरने धरलेलं होतं. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने 2-0 ने हरवलं. पुढे थायलंडवर 4-1 आणि जपानवर 2-0 असे विजय, पण थायलंडच्या सामन्यात बचावाचा खांब जर्नेल सिंग याचं डोकं फुटलं, टाके पडले. असा खेळाडू मागे हेडिंग करत उभा राहू शकत नाही. रहीम साहेबांनी काय करावं? त्याला बाहेर न बसवता थेट सेंटर फॉरवर्डला उभं केलं. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, चुनी गोस्वामीने दोन केले, आणि भारत 3-2 ने पार झाला.

4 सप्टेंबरला अंतिम सामना, समोर पुन्हा दक्षिण कोरिया. मैदानावर जवळपास लाखभर प्रेक्षक आणि सगळे भारताच्या विरोधात. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत येऊ दिलं नव्हतं, त्यावर भारताचे क्रीडा अधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता. त्याचा राग शहरभर, आपल्या वकिलातीवर हल्लासुद्धा झाला. राष्ट्रगीत वाजताना हुर्यो उडवली गेली. खेळाडू नंतर सांगायचे की त्या गर्दीत भारतासाठी ओरडणारे होते ते पाकिस्तानच्या हॉकी संघातले. गोलमध्ये तापाने फणफणलेला थंगराज. पहिल्या वीस मिनिटांत पी. के. बॅनर्जी आणि डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलने एकेक गोल केला. कोरियाने उशिरा एक फेडला. भारत 2, दक्षिण कोरिया 1. त्या संघात गोव्याचा फॉर्च्युनातो फ्रँको होता, मुंबईत नोकरी करून खेळणारा चंद्रशेखर होता, हैदराबादचा युसुफ खान होता. मास्तरांनी देशाच्या कानाकोपऱ्यातली पोरं एका टचवर खेळवली.

नऊ महिन्यांनी, 11 जून 1963 रोजी रहीम साहेबांचा इंतेकाल झाला. वय 53.

आता उरलेला हिशेब. दोन सुवर्णपदकं आणि ऑलिम्पिकमधला चौथा क्रमांक एका बाजूला, हेलसिंकी आणि रोमचे निकाल दुसऱ्या बाजूला, एवढी वजाबाकी कोणीही करेल. आम्हाला सलणारी गोष्ट वेगळी आहे. सगळं एका माणसाच्या डोक्यात होतं. त्या बंदीवाल्या स्पर्धा, तो कमजोर पायाचा सराव देशभरच्या शाळांत कधी गेलाच नाही. हैदराबादचा फुटबॉलही त्यांच्यामागे हळूहळू ओसरला. ही त्यांची कसर म्हणायची की फेडरेशनची? आजारी माणसाला जकार्तापर्यंत नेणाऱ्यांनी त्याच्या जागी कोण, याचा विचार करायला नको होता का? आम्ही तरी हा आकडा फेडरेशनच्या खात्यात टाकतो.

काही थोडं मात्र वाहत राहिलं. 1970 मध्ये बँकॉकला भारताने जपानला 1-0 ने हरवून कांस्यपदक मिळवलं तेव्हा संघाच्या प्रशिक्षकांमध्ये होते ते पी. के. बॅनर्जी, म्हणजे रहीम साहेबांचेच जकार्तावाले खेळाडू. कप्तान होता हैदराबादचा सय्यद नईमुद्दीन. त्यानंतर आजतागायत आशियाई स्पर्धेत आपल्या पुरुष फुटबॉल संघाला पदक मिळालेलं नाही.