पिसांचा कोट

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही मित्र पहाटे राजहंसगडावर चढलो. माझ्या अंगात जाडजूड लोकरी स्वेटर होता. सोबत्याने पातळ स्वेटरवर साधा विंडचीटर चढवला होता. तटावर वारा सुटला आणि मी कुडकुडू लागलो. तो मात्र मजेत! असे का, हे ग्रंथालयात शोधताना मला जॉर्ज इंगल फिंच भेटले.

फिंच यांचा जन्म १८८८ साली ऑस्ट्रेलियात झाला. झुरिकला त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि आल्प्सच्या कड्यांवर गिर्यारोहणाचे. पुढे ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले.

१९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत इतरांची भिस्त लोकरी स्वेटर, मफलर व ट्वीडच्या कोटांवर होती. फिंच यांनी शास्त्रज्ञाच्या नजरेने विचार केला. ऊब टिकते ती कपड्यात कोंडलेल्या स्थिर हवेमुळे. वारा आत शिरला की ती हवा आणि ऊब दोन्ही जातात. म्हणून त्यांनी बलूनच्या कापडाचा कोट शिवून घेतला आणि आत आयडर बदकाची मऊ पिसे भरली. वजनाला हलका, वाऱ्याला अभेद्य. सहकाऱ्यांनी त्या फुगीर कोटाची थट्टा केली. थंडी वाढली तेव्हा त्यांनाच त्याचा हेवा वाटू लागला.

२७ मे रोजी फिंच आणि जेफ्री ब्रूस प्राणवायूच्या साहाय्याने सुमारे ८३२० मीटरपर्यंत पोचले. तोवर इतक्या उंचीवर कोणीही चढले नव्हते. ब्रूस यांचे प्राणवायूचे उपकरण बिघडताच, शिखराचा मोह सोडून, फिंच त्यांना घेऊन खाली उतरले.

एवढे करूनही १९२४ च्या मोहिमेत त्यांना स्थान मिळाले नाही. व्याख्यानांच्या हक्कांवरून संयोजकांशी त्यांचे बिनसले होते. ते पुन्हा एव्हरेस्टवर गेले नाहीत.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९५२ ते १९५७ फिंच आपल्या पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. म्हणजे २९ मे १९५३ ला तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोचले, तेव्हा त्या पदावर तेच होते! त्या मोहिमेने पिसांचे कपडे वापरले होते आणि प्राणवायूही. १९७० साली फिंच वारले.

आज हिमालयात जाणारा प्रत्येक जण आत घाम टिपणारा कपडा, मध्ये ऊब धरणारा आणि बाहेर वारा अडवणारा अशी रचना करतो. मीही आता गडावर जाताना स्वेटरवर विंडचीटर घालतो. आणि वर्गात कोणी चमत्कारिक कल्पना मांडली, की हसण्याआधी मला तो पिसांचा कोट आठवतो.