हृदयरुग्णांना चालते करणारे डॉ. पॉल डडली व्हाइट

सप्टेंबर १९५५ च्या अखेरीस अमेरिकेतील डेन्व्हर येथील लष्करी रुग्णालयाकडे साऱ्या जगाचे डोळे लागले होते. राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांना २४ सप्टेंबरच्या पहाटे हृदयविकाराचा तीव्र झटका आला होता. सोमवारी न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि डाऊ जोन्स निर्देशांक सहा टक्क्यांहून अधिक कोसळला. त्याच दिवशी बोस्टनहून पाचारण केलेले ६९ वर्षांचे एक हृद्रोगतज्ज्ञ पत्रकारांसमोर आले. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होते म्हणजे नेमके काय होते, हे त्यांनी शाळामास्तरांच्या धीराने समजावून सांगितले. रुग्णाला शौचास साफ झाली, हेही त्यांनी निःसंकोचपणे सांगून टाकले. अनेकांनी नाके मुरडली. परंतु हृदयविकार म्हणजे आयुष्याचा शेवट नव्हे, ही गोष्ट त्या दिवसापासून सामान्य अमेरिकी माणसाच्या कानी पडू लागली. हे डॉक्टर म्हणजे पॉल डडली व्हाइट.

व्हाइट यांचा जन्म ६ जून १८८६ रोजी बोस्टनमधील रॉक्सबरी येथे झाला. वडील डॉक्टर असल्याने रुग्णसेवेचे संस्कार घरातच झाले. संधिवाती ज्वरातून जडलेल्या हृदयविकाराने बहिणीचा अकाली मृत्यू झाला आणि त्या घटनेने त्यांच्या मनावर खोल ठसा उमटवला. हार्वर्डमधून १९११ साली वैद्यकाची पदवी घेऊन ते मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. १९१३ मध्ये लंडनला सर थॉमस लुईस यांच्याकडे त्यांनी इलेक्ट्रोकार्डिओग्राफ या नव्या यंत्राचे शिक्षण घेतले. अमेरिकेत त्या वेळी हृद्रोग ही स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता पावलेली नव्हती. पुढे १९२४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा हृद्रोगावरील ग्रंथ डॉक्टरांच्या पिढ्यांनी अभ्यासला. हृदयाच्या लयीतील एका बिघाडाला वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांचे नाव आजही जोडलेले आहे.

त्या काळी झटक्यातून वाचलेल्या रुग्णाचे जीवन मात्र केविलवाणे असे. शिकागोचे जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये या विकाराचे वर्णन केले तेव्हा संपूर्ण विश्रांतीवर भर दिला होता. रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर निश्चल ठेवले जाई. पुष्कळ ठिकाणी त्याला स्वतःच्या हाताने जेवूही देत नसत. घरी परतल्यावर जिना चढण्यास बंदी, नोकरीवर पाणी आणि कुटुंबीयांच्या नजरेत सतत धास्ती. विशेष म्हणजे या रीतीला शास्त्राचा आधार मिळण्यात खुद्द व्हाइट यांचाही वाटा होता. १९३९ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह ७२ मृत रुग्णांच्या हृदयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठी जखम भरून यायला सुमारे दोन महिने लागतात, असे त्यातून दिसले. जखम भरेपर्यंत हलायचे नाही, असा सोयीस्कर अर्थ त्यातून निघणे स्वाभाविक होते.

परंतु व्हाइट हे केवळ हृदयाचे स्नायू पाहणारे डॉक्टर नव्हते. हृदयाची रचना निर्दोष असूनही धडधड आणि थकव्याने हैराण झालेल्या माणसांचाही त्यांनी अभ्यास केला होता. पहिल्या महायुद्धात अशा सैनिकांना लुईस यांनी क्रमाक्रमाने वाढवत नेलेल्या व्यायामाने उभे केले होते. भीती ही हृदयरोगाइतकीच माणसाला पंगू करू शकते, हे व्हाइट यांना अनुभवाने पटले होते. १९४१ मध्ये एडवर्ड ब्लँड यांच्याबरोबर त्यांनी झटक्यातून वाचलेल्या रुग्णांचा दहा वर्षांनंतरचा वृत्तान्त मांडला. त्यांतले अनेक जण जिवंत होते, एवढेच नव्हे तर कित्येक जण आपापली कामे करीत होते. त्यानंतर रुग्णाला आशा देणे हा त्यांच्या उपचाराचाच भाग बनला.

बोस्टनमध्येच सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ मध्ये एक धाडस केले. झटक्यानंतर लवकरच रुग्णांना त्यांनी उचलून खुर्चीत बसवले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण त्या वेळी सहकाऱ्यांना हा रुग्णाच्या जिवाशी खेळ वाटला होता. प्रत्यक्षात खुर्चीत बसल्याने रुग्णांना अपाय झाल्याचे दिसले नाही, उलट त्यांचे मन ताजे राहिले.

या पार्श्वभूमीवर आयझेनहॉवर यांच्या आजाराचे महत्त्व कळते. सुमारे सात आठवडे रुग्णालयात काढून ११ नोव्हेंबरला ते वॉशिंग्टनला परतले. काम, चालणे आणि विश्रांती यांची मात्रा हळूहळू वाढवत नेली गेली. १४ फेब्रुवारी १९५६ रोजी आणखी पाच ते दहा वर्षे रुग्ण सक्रिय जीवन जगू शकेल, असा निर्वाळा व्हाइट यांनी दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस आयझेनहॉवर यांनी पुन्हा निवडणूक लढवण्याचे जाहीर केले आणि नोव्हेंबरमध्ये ते विजयी झाले. हृदयरुग्ण देशाचा कारभार चालवू शकतो, तर कारखान्यातला कामगार यंत्रावर का परतू नये, हा प्रश्न मग आपोआपच उभा राहिला.

व्हाइट स्वतः जे सांगत, तसेच वागत. बोस्टनच्या रस्त्यांवर सायकल चालवणारे वृद्ध डॉक्टर हे त्या शहरातले परिचित दृश्य होते. लिफ्टऐवजी जिना, मोटारीऐवजी पायी, असा त्यांचा परिपाठ असे. ८५ व्या वर्षी, १९७१ मध्ये, चीनला गेलेल्या पहिल्या अमेरिकी डॉक्टरांमध्ये ते होते. १९६४ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. ते देणारे लिंडन जॉन्सन हेही हृदयरुग्णच होते. जुलै १९५५ मधील झटक्यानंतर त्यांनी सिगारेट सोडली. परंतु १९६९ मध्ये सत्तेवरून उतरताच ती पुन्हा धरली आणि जानेवारी १९७३ मध्ये हृदयविकारानेच ६४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. काय करावे हे ठाऊक असणे आणि ते करीत राहणे, यांतले अंतर किती मोठे असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

हेच अंतर कमी करण्यासाठी हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाचे रीतसर कार्यक्रम आकाराला आले. देखरेखीखालचा व्यायाम, आहार, व्यसनमुक्ती आणि मनाला उभारी, असे त्यांचे स्वरूप असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ मध्ये या कल्पनेला अधिकृत चौकट दिली. अशा कार्यक्रमांमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होतात, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणांतून दिसले. तरीही रुग्ण तिकडे फिरकत नाहीत. अमेरिकेत वृद्धांसाठीच्या मेडिकेअर विमा योजनेतील २०१६ च्या पात्र रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांशच या कार्यक्रमाला गेले. आणि गेलेल्यांपैकी ३६ सत्रे पूर्ण करणारेही जेमतेम चौथा हिस्सा होते. स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून कमी होते.

कारणे शोधणाऱ्यांना अनेक अडचणी आढळल्या. केंद्र घरापासून दूर असते, कामावरून रजा मिळत नाही, खर्च परवडत नाही. घरच्या आजाऱ्याची किंवा नातवंडांची जबाबदारी असलेली स्त्री स्वतःसाठी आठवड्यातून तीन सकाळी काढू शकत नाही. काहींना व्यायामाने पुन्हा झटका येईल अशी भीती वाटते. तर काहींना आपण ठणठणीत बरे झालो, असे वाटते. स्टेंट बसवून दोन-चार दिवसांत घरी परतणाऱ्याला आजार संपल्याचा भास होणे साहजिक आहे. व्हाइट यांच्या काळात रुग्ण अतिभीतीने खाटेला खिळत असे, आता तो अतिविश्वासाने घरी बसतो. मात्र या सर्व कारणांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा ठळकपणे पुढे आली. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी किती आग्रहाने जायला सांगितले, यावर रुग्णाचे जाणे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. चिठ्ठीवर लिहिलेली ओळ पुरत नाही; खाटेजवळ बसून कोणीतरी बोलावे लागते.

येथेच व्हाइट यांच्या आयुष्याचे मोल ध्यानात येते. राष्ट्राध्यक्षाला ना केंद्राचे अंतर कापावे लागले, ना रजेचा अर्ज करावा लागला. सारे काही त्याच्या उशाशी चालून आले. सामान्य रुग्णाला ती चैन मिळणार नाही. परंतु त्या रुग्णालयात जी सर्वांत प्रभावी गोष्ट घडली, तिला पैसा लागत नव्हता. एका अनुभवी डॉक्टराने स्वतःचे नाव पणाला लावून, हा माणूस पुन्हा चालू शकेल आणि त्याने चालायलाच हवे, असे स्पष्ट सांगितले.

३१ ऑक्टोबर १९७३ रोजी बोस्टन येथे, वयाच्या ८७ व्या वर्षी, पॉल डडली व्हाइट यांचे निधन झाले. चार्ल्स नदीच्या काठाने जाणाऱ्या सायकलमार्गाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. अनेक थोरांचे पुतळे उभारले जातात. या डॉक्टरांची आठवण मात्र माणसे जिथे चालतात आणि सायकली हाकतात, अशा वाटेने जपली आहे. त्यांच्या शिकवणुकीला शोभेल असे याहून दुसरे स्मारक नाही.