अक्षरांशी खेळणारे गणितशिक्षक

मुलांनो, तुमच्या शाळेत बैतबाजी रंगते तेव्हा काय होते ते आठवा. एका गटाचा शेर ज्या अक्षराने संपतो, त्याच अक्षराने सुरू होणारा शेर दुसऱ्या गटाला म्हणावा लागतो. एका अक्षरासाठी सारी स्मरणशक्ती पणाला लागते! इंग्लंडमधील एका गणितशिक्षकांनाही अक्षरांच्या अशा खेळांचे वेड होते. जग त्यांना ल्युईस कॅरल या नावाने ओळखते. त्यांचे खरे नाव होते चार्ल्स लटविज डॉजसन.

डॉजसन यांचा जन्म 27 जानेवारी 1832 रोजी इंग्लंडमधील डेअर्सबरी या खेड्यात झाला. वडील धर्मगुरू होते. घरात एकूण अकरा भावंडे. त्यांतील मुलांमध्ये चार्ल्स सर्वांत मोठा. भावंडांना रमवण्याचे काम आपोआपच त्याच्याकडे आले. तो त्यांच्यासाठी कोडी रचत असे, गमतीदार कविता लिहीत असे आणि हाताने लिहिलेली घरगुती मासिके काढत असे.

परंतु या हुशार मुलाला एक मोठी अडचण होती. बोलताना तो अडखळत असे. मनात शब्द तयार असायचा, पण ओठांवर यायचा नाही. शिवाय लहानपणीच्या आजारामुळे त्याला उजव्या कानाने ऐकू येत नव्हते. रग्बी येथील प्रसिद्ध शाळेत तो शिकला. पण दांडगट मुलांच्या त्रासामुळे तेथील दिवस त्याला फार जड गेले. तरीही अभ्यासात तो मागे पडला नाही.

1851 च्या जानेवारीत ते ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात राहण्यास गेले. दोनच दिवसांत घरून आईच्या निधनाची बातमी आली. एकोणीस वर्षेही पूर्ण न झालेल्या त्या तरुणावर हा मोठाच आघात होता. तो सोसून त्यांनी अभ्यास चालू ठेवला. 1854 साली ते गणितात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि पुढे त्याच महाविद्यालयात 1881 पर्यंत गणित शिकवत राहिले. बोलण्यातील दोष जावा म्हणून त्यांनी जेम्स हंट या तज्ज्ञाकडून उपचारही घेतले. पण हा दोष पूर्णपणे कधीच गेला नाही.

तुम्हीच विचार करा, ज्याला शब्द बोलताना इतका त्रास होतो, तो माणूस शब्दांवर रागावला असता तर नवल नव्हते. डॉजसन यांनी उलट केले. त्यांनी शब्दांशी मैत्री केली. स्वतःच्या नावाची लॅटिन रूपे घेऊन, त्यांचा क्रम उलटवून त्यांनी 1856 साली ल्युईस कॅरल हे टोपणनाव तयार केले. 4 जुलै 1862 रोजी नावेतून फिरताना त्यांनी तीन लहान बहिणींना एक गोष्ट सांगितली. त्यातूनच 1865 साली ॲलिसच्या अद्भुत प्रवासाचे जगप्रसिद्ध पुस्तक जन्मले.

1877 च्या नाताळात कंटाळलेल्या दोन मुलींसाठी त्यांनी एक नवा खेळ शोधला. एका शब्दातील एकेक अक्षर बदलत दुसऱ्या शब्दापर्यंत पोहोचायचे. मात्र मधला प्रत्येक शब्द खरा असला पाहिजे. उदाहरणार्थ, कॅटपासून डॉगपर्यंत जायचे आहे. मग कॅट, कॉट, डॉट, डॉग! 1879 साली हा खेळ लंडनच्या व्हॅनिटी फेअर या साप्ताहिकात आला आणि लोकांना त्याने वेड लावले.

त्यानंतर 1881-82 च्या सुमारास त्यांनी मिशमॅश नावाचा दुसरा खेळ एका मासिकातून लोकांपुढे ठेवला. मिशमॅश म्हणजे खिचडी. त्यांच्या एका घरगुती मासिकाचेही हेच नाव होते. या खेळात एकाने शेजारी शेजारी येणारी काही अक्षरे द्यायची आणि दुसऱ्याने ती अक्षरे त्याच क्रमाने पोटात असलेला शब्द शोधायचा. जी आणि पी ही अक्षरे दिली, तर मॅगपाय हा पक्षी सापडतो. ई, एम, ओ दिली, तर लेमन म्हणजे लिंबू हाती येते. आय, एम, एस, ई यांवरून हिमसेल्फ मिळतो. माणसांची किंवा गावांची नावे चालत नाहीत. शब्द नेहमीच्या व्यवहारातला हवा.

हे शोधायचे कसे? जी आणि पी ही जोडी शब्दाच्या आरंभी बसत नाही. म्हणजे ती मध्येच कोठेतरी असणार. शब्दाचा एक तुकडा जीने संपणार आणि दुसरा पीने सुरू होणार. पाहा, खेळातही गणितासारखाच विचार करावा लागतो!

14 जानेवारी 1898 रोजी गिल्डफर्ड येथे बहिणींच्या घरी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. सहासष्टावा वाढदिवस अवघ्या दोन आठवड्यांवर आला होता.

मुलांनो, नवी भाषा बोलताना आपलीही जीभ अडखळते. वर्गात कोणी हसेल, या भीतीने आपण गप्प बसतो. अशा वेळी या शिक्षकांची आठवण ठेवा. इंग्रजीत एक्स आणि टी ही जोडी घ्या. नेक्स्ट हा शब्द मिळाला. आणखी तीन तुम्ही शोधा. मराठीतही खेळून पाहा. 'र' आणि 'वा' एकापुढे एक असलेले शब्द कोणते? दरवाजा, परवाना, शेरवानी! हे तर तुमच्या उर्दूतही आहेत. अक्षरांचे बोट धरून चालू लागलात, तर परकी वाटणारी भाषा हळूहळू आपली होईल.